मोकळी आहे, पण सलग नाही

लॉगमध्ये ‘पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४’ अशी ओळ दिसली की नवा इंजिनिअर मेमरी कुठे गळतेय ते शोधायला लागतो. गळत काहीच नसतं. ऑर्डर ४ म्हणजे ४ किलोबाइटची १६ पानं, म्हणजे जेमतेम ६४ किलोबाइट. शेकडो मेगाबाइट मोकळे असतानाही कर्नलला ती देता येत नाहीत, कारण ती एकमेकांना लागून हवी असतात. बडीइन्फो ही फाइल उघडून बघावी: डावीकडे सुट्या पानांचे आकडे हजारांत, उजवीकडे जावं तसे घटत गेलेले, आणि शेवटच्या रकान्यांत शून्य.

साध्या प्रोग्रॅमला याची झळ लागत नाही. विखुरलेली पानं पेज टेबल त्याला सलग भासवतं. अडतं ते हार्डवेअरपाशी. मध्ये हेच काम हार्डवेअरसाठी करणारं आयओएमएमयू नसेल तर स्वस्त चिपवरच्या कॅमेऱ्याला बहुधा सुरुवातीचा पत्ता आणि लांबी एवढंच कळतं.

लिनक्स पानं वाटतं बडी पद्धतीने. ती केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी १९६३ मध्ये ती हॅरी मार्कोविट्झ यांना सुचली होती. मार्कोविट्झ यांना १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, गुंतवणुकीच्या सिद्धांतासाठी. (बडीसाठी मिळालं असतं तरी आमची हरकत नव्हती.) मोठा तुकडा निम्मा-निम्मा करत जायचा, तुकडा परत आला की त्याचा जोडीदार मोकळा असेल तर दोघांना पुन्हा जोडायचं. जोडीदाराचा पत्ता काढायला एकच बिट उलटवावा लागतो. मात्र जोडीदार ठरलेला असतो, आणि त्यातलं एखादं पान जरी कुणी धरून बसलं तरी जोडणी तिथेच खुंटते.

म्हणून माझ्या मते जागा किती उरली यापेक्षा न हलणारी पानं कुठे बसली, हे महत्त्वाचं. प्रोग्रॅमचं पान दुसरीकडे कॉपी करून पेज टेबलातली नोंद बदलली की झालं. कर्नलने स्वतःसाठी घेतलेल्या पानाचा पत्ता मात्र किती पॉइंटरांत जाऊन बसलाय, याचा हिशेब कुणाकडेच नसतो. मेल गॉर्मन यांनी लिनक्स २.६.२४ मध्ये हलणारी आणि न हलणारी पानं वेगळ्या ब्लॉकांत बसवायला सुरुवात केली. हलणारी पानं सरकवून सलग जागा करणारं त्यांचंच कॉम्पॅक्शन २०१० मध्ये आलं.

तरीही फोर-के चित्राची एक फ्रेम १२ मेगाबाइटच्या वर जाते, आणि बडीचा सर्वांत मोठा तुकडा सहसा ४ मेगाबाइटचा. पूर्वी बूट होतानाच जागा राखून ठेवायचे. कॅमेरा बंद असला की ती वाया. २०१२ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी लिहिलेलं सीएमए कर्नलमध्ये आलं. ते राखीव जागा हलू शकणाऱ्या पानांना वापरायला देतं आणि कॅमेऱ्याने मागितली की त्यांना उठवतं. दीर्घकाळ पिन होणारं, म्हणजे जागेवरून हलू न देता धरून ठेवलं जाणारं पान आता आधी या जागेबाहेर हलवतात, मगच धरू देतात. थोड्या वेळाच्या पिनला ही अट नाही. असं पान सुटेपर्यंत कॅमेरा उघडायला रेंगाळतो, आणि ग्राहक प्रोसेसरच्या नावाने बोटं मोडतो.