रेड हिल्सच्या वाटेवर

नामपल्लीहून लकडी-का-पुलाकडे निघाले की वाटेत रेड हिल्सची वस्ती लागते. तेथील मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालयाच्या आवारात आदिलाबादकडची मराठी कानी पडते, तेव्हा पाऊल आपोआप मंदावते. या सरकारी रुग्णालयात डॉ. गायत्री पालट यांनी उपशामक सेवा उभी केली. बालरुग्णांकडे तीत विशेष लक्ष पुरविले जाते.

‘हॉस्पिस’ला मरणगृह म्हणण्याची रीत मला अनुचित वाटते. ऑक्सफर्डला १९८२ साली निघालेल्या ‘हेलन हाउस’ या पहिल्या बाल-हॉस्पिसचा उगमच मुळी थकलेल्या मातापित्यांना चार दिवसांची उसंत देण्यात होता. वेदना शमविणे, मॉर्फिनची मात्रा केव्हा व किती द्यावी हे आईला शिकविणे, ही कामे तर आहेतच. परंतु घरी आजीपाशी राहिलेले धाकटे भावंड सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. दादाला काय झाले हे त्याला कोणी सांगत नाही, आणि कित्येकदा ते मनातल्या मनात स्वतःलाच दोषी ठरविते. त्याच्याशी खरे बोलावे लागते. मूल गेल्यावरही त्या घराची वाट सोडून चालत नाही.

आम्हा शिक्षकांचाही येथे संबंध पोहोचतो. अशा मुलाचे नाव पटावरून घाईने कमी करू नये. बरे वाटेल त्या दिवशी ते दप्तर मागते.