टाकीतले पाणी

हळदीच्या व्यापारात वाढलेल्या माणसाला ओल ओळखायला शिकवावे लागत नाही. सांगलीच्या आमच्या पेढीवर वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, हळकुंड हातात घेऊन मोडत. धातूवर टिचकी मारल्यासारखा आवाज आला, तरच सौदा पुढे सरके. ओला माल घेणे म्हणजे पाण्याला हळदीचा भाव देणे, असे ते म्हणत. त्याच पेढीचा मी मुलगा. पण आमच्याच ट्रेलरच्या ब्रेकमध्ये साठणारी ओल मला दिसली नाही.

जड वाहनाचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो. तापलेली ती हवा टाकीत निवली, की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी बसते. पावसाळ्यात कोकणात उतरणाऱ्या गाडीचे तर विचारूच नये. आमचे जुने चालक, आम्हा भावंडांचे मामा, रोज मुक्कामी चाकांना दगड लावून गाडीखाली वाकत आणि टाकीच्या तळाची कडी ओढत. फुस्स आवाजाबरोबर पाण्याची चिळकांडी उडे. आम्हा मुलांना तो खेळ वाटे.

पुढे नवी गाडी आली. तिला हवा कोरडी करणारा ड्रायर होता. "मामा, आता यंत्रच पाणी काढतं, चिखलात वाकू नका," असे मीच सांगितले. त्या सांगण्यात माया होती. ड्रायरचे फिल्टर बदलण्याचा खर्च मात्र मी 'पुढच्या हंगामात' म्हणत टाळत राहिलो, त्यात ती नव्हती. ओल शोषणारे आतले दाणे कालांतराने निकामी होतात, कॉम्प्रेसरचे तेल त्यांवर चढले तर लवकरच, हे मला ठाऊक होते.

आषाढात हळदीचा कंटेनर घेऊन मामा न्हावाशेवा बंदराकडे निघाले. बोरघाटाच्या उतारावर चार-सहा वेळा पेडल दाबताच हवेचा काटा भराभर खाली आला आणि धोक्याचा बझर वाजू लागला. टाकीत पाणी जितके अधिक, तितकी हवेला जागा कमी. दाब आणखी उतरता, तर स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळून भरलेली गाडी ओल्या वळणावर अवचित अडली असती. मामा पहिल्यापासून खालच्या गिअरमध्ये होते, म्हणून ती कडेला घेता आली. रात्री फोनवर ते एवढेच बोलले, "दादा, गाडी उभी आहे. मीही आहे."

दुसऱ्या दिवशी फिटरने बादली ठेवून कडी ओढली. दुधट, तेलकट पाणी येतच राहिले. व्हॉल्व्हमध्ये गंजही निघाला. मामांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे मला धैर्य होईना.

"रोज काढलं असतं तर वाटीभर निघालं असतं, दादा," तेच म्हणाले. "एकदम निघालं म्हणून एवढं दिसतंय."

फिल्टर बदलल्याची तारीख आता पेढीच्या वहीत लिहिली जाते आणि कडीही रोज ओढली जाते. ड्रायर ठीक असेल तर टाकी कोरडीच निघते. गेल्या आठवड्यात थोडे पाणी निघाले. गाडी फिटरकडे पाठवली. माल एक दिवस उशिरा गेला.