खापरीचा हट्ट

"घरातल्या जेडच्या बोन्सायवर सोपं लिहा, तांत्रिक नको," असं संपादकांनी बजावलंय. बघते जमतं का.

नर्सरीतून 'जेड' म्हणून आणलेलं रोप पुष्कळदा पोर्तुलकारिया आफ्रा निघतं. नखाएवढी पानं आणि तांबूस खोड ही त्याची खूण. दक्षिण आफ्रिकेत त्याला स्पेकबूम म्हणतात. हत्ती ते आवडीने खातात आणि मोडून पडलेली फांदी मातीला टेकली की तिथेच मुळं धरते. खरं जेड, म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा, मोठ्या जाड पानांचं. बोन्सायसाठी मी स्पेकबूमच घेते. तार शक्यतो टाळते, मऊ खोडात रुतते. कापत राहायचं आणि हव्या त्या दिशेचा फुटवा ठेवायचा, ही चीनमधली लिंगनान पद्धत त्याला मानवते. 'लाकूडच नाही, त्याचं कसलं बोन्साय?' म्हणणारे जाणकार आहेत. असोत बापडे.

अलीकडे ओळखीच्या एक बाई सडलेलं झाड घेऊन आल्या. भांडं हाताने घडवलेलं, उथळ, आतून-बाहेरून ग्लेझ केलेलं, देखणं. तळाला एकच भोक, त्यावर खापरी, त्यावर दोन बोटं खडी. "निचऱ्यासाठी सगळं केलं होतं हो!" म्हणाल्या. त्यांना काय सांगणार? गच्चीवरच्या बागांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवलं जातं.

खडीने निचरा सुधारत नाही. पाणी घालून जादाचं वाहून गेलं, तरी मातीच्या तळाशी एक ओलागच्च थर उरतोच. त्याची उंची मातीच्या कणांवर ठरते, भांड्याच्या खोलीवर नाही. खाली खडी घातली की तो थर खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. पटत नसेल तर भिजलेला स्पंज आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा, पुन्हा पाणी गळेल. उथळ भांडं म्हणजे आडवा स्पंज. (तांत्रिक झालं का? होऊ दे.) म्हणून खडी तळाशी नको, सगळं मिश्रणच भरड हवं. ३ ते ५ मिलिमीटरचे विटांचे तुकडे घ्या, धूळ चाळून टाका. भोकावर खापरीऐवजी जाळी पुरते.

भांडी मी स्वतः करते, त्यामुळे इथे थोडा तोरा आहे. निदान दोन मोठी भोकं, खाली पाय, आतून ग्लेझ नाही. वाळताना आणि भाजताना माती साधारण दहावा हिस्सा आकसते, म्हणून भोकंही मोठीच पाडायची. हजारेक अंशांवर भाजलेली लाल माती पाणी झिरपू देते. बाराशेच्या वर भाजलेलं स्टोनवेअर ग्लेझ नसलं तरी जवळपास झिरपू देत नाही, त्यात पाणी आणखी जपून.

आणि ते रोजचं 'प्रेमाने अर्धा कप'! क्रॅसुला रात्री पर्णरंध्रं उघडते आणि उन्हाच्या वेळी मिटून घेते. स्पेकबूम पाण्याची टंचाई झाली की तसंच वागतं. त्यामुळे पाणी फार कमी उडतं. माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. पावसाळ्यात तर हात आखडताच ठेवा. टीव्हीखालच्या कपाटावरही ठेवू नका. रोज काही तास थेट ऊन येणारी खिडकी नसेल, तर हे झाड घेऊ नका. फांद्या लांबट, लुळ्या होतात आणि लोक मग खत घालत बसतात.

या दिवाळीत कुणी बिनभोकाचं सुंदर भांडं भेट दिलं, तर त्यात किल्ल्या ठेवा.