संगणकाचा ताप

विश्वस्त मंडळाच्या गेल्या बैठकीत संगणक कक्षाचा विषय निघाला. एप्रिल लागला की दुपारच्या तासाला यंत्रे आपोआप बंद पडतात, तेव्हा ती मोडीत काढावीत, असे काहींचे म्हणणे होते. आमचे मत वेगळे पडले. आपल्या बऱ्याच मुलांच्या घरी संगणक नाही. नवीन यंत्रांसाठी पैसे जमेपर्यंत कक्षाला कुलूप लागले तर त्यांचे वर्ष वाया जाईल. म्हणून आधी यंत्रे उघडून पाहायचे ठरले.

प्रोसेसर म्हणजे नखाएवढी सिलिकॉनची चकती. तिच्यातले कोट्यवधी स्विच अखंड उघडझाप करतात आणि घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती फार वाढली की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. म्हणजे हे बंद पडणे बिघाड नसून बचाव आहे! 2004 मध्ये इंटेल कंपनीने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 आणण्याचा बेत सोडला, त्यामागेही ही उष्णता होतीच.

विज्ञानाच्या पुस्तकातले वहन आणि अभिसरण इथे डोळ्यांनी दिसते. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलेले, आमच्या तोंडी अजून 'चालन' आणि 'संवहन' येते व मुले हसतात.) चकतीची उष्णता वहनाने वरच्या धातूच्या पात्यांत जाते, पंखा ती हवेत सोडतो. मध्ये लावलेला लेप सूक्ष्म फटींतली हवा काढून टाकतो, कारण हवा उष्णतेची मंद वाहक.

आमच्या यंत्रांत तो लेप वाळून खडू झाला होता आणि पात्यांवर तंतूंची गादी बसली होती. एक पालक पाहताच म्हणाले, "सर, हा तर आमच्या खात्यातला कचरा!" यंत्रमागांच्या शेजारी शाळा असल्यावर दुसरे काय होणार? त्यांनीच ब्लोअर आणला. वीज काढून, पंख्याची पाती बोटाने धरून त्यांनी हवा मारली. नवा लेप लावला. पाच यंत्रांपैकी चार आता दुपारभर चालतात. पाचव्याचा पंखा बदलावा लागेल.

पुण्याच्या आयसर संस्थेत 2019 मध्ये बसवलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकात प्रोसेसरची उष्णता नळ्यांतून फिरणारा द्रव वाहून नेतो. आणि आपल्या सुरतेत ज्याला पैलू पाडतात तो हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहतो! हिऱ्याचे पातळ थर काही खास इलेक्ट्रॉनिक भागांना थंड ठेवायला वापरले जातात. कारखान्यात काम करणाऱ्या पालकांनी हे मुलांना जरूर सांगावे.

पण साधा पंखा खोलीपेक्षा थंड हवा आणणार कुठून? मे महिन्यात पत्र्याखालचा आपला कक्ष भट्टी होतो. विश्वस्तांकडे आमची मागणी एक एक्झॉस्ट पंखा आणि खिडक्यांना बारीक जाळी एवढीच आहे. उरलेली यंत्रे येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर उघडू. ब्लोअर असणाऱ्या पालकांनी कार्यालयात नाव द्यावे.