पकड आणि घसरण

इनलाइन हॉकीचं स्केट हातात घेतलं की नजर आधी आकड्यांवर जाते. चाकावर छापलेला व्यास, त्याशेजारी कडकपणाचा आकडा, बेअरिंगचा दर्जा, बुटाखाली चाकं धरणाऱ्या चेसिसचं वजन. आकडा जितका भारी तितकी वस्तू उजवी, ही समजूत सगळ्याच खरेदीत आपल्या अंगवळणी पडलेली असते आणि विक्रीही तिच्यावरच चालते. हौशी खेळाडूपुरती तरी ही समजूत चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून एक-दोनदा, कामावरून सुटल्यावर किंवा रविवारी सकाळी खेळणाऱ्या माणसाला वेग सहसा कमी पडत नाही. कमी पडतो तो भरवसा. अंग टाकून वळलो तर चाक धरेल, आणि थांबायचं ठरवलं तर तेच चाक सुटेल, याचा भरवसा. हॉकीच्या स्केटला टाचेकडे ब्रेक नसतो. दोन्ही पाय धावेच्या दिशेला जवळजवळ आडवे करायचे, गुडघे वाकवायचे, वजन मागे टाकायचं आणि चाकं जमिनीवरून खरवडत नेऊन थांबायचं, ही मुख्य रीत. या क्षणी चाकाने जमीन फार घट्ट धरली तर खेळाडू स्केटवरून पुढे फेकला जातो, आणि अजिबात धरली नाही तर पाय खालून निघून जातात. हौशी खेळाडूने चाक विकत घेताना या मधल्या पट्ट्याचा विचार सगळ्यात आधी करावा. बाकीचे आकडे नंतर.

हा विचार नवा नाही. स्केटचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. जॉन जोसेफ मर्लिन हा बेल्जियममध्ये जन्मलेला कारागीर अठराव्या शतकात लंडनच्या एका मेजवानीत चाकांच्या बुटांवर व्हायोलिन वाजवत शिरला आणि थांबता न आल्याने मोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी कथा सांगतात. कथेत भर किती हे सोडून देऊ, पण अडचण खरी होती. १८२३ साली लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्सने एका ओळीत पाच चाकं असलेल्या स्केटचं पेटंट घेतलं. त्याने चाकं सारख्या मापाची ठेवली नाहीत. मधलं मोठं, टोकांची लहान, म्हणजे वजन मागेपुढे करून वळता यावं. शिवाय थांबण्यासाठी पुढे-मागे आकडे लावले. चाक एका ओळीत आणताच वळायचं कसं आणि थांबायचं कसं, हे दोन प्रश्न उभे राहतात हे त्याला पहिल्याच आराखड्यात दिसलं होतं. पुढे १८६३ मध्ये जेम्स प्लिम्प्टनने अमेरिकेत दोन-दोन चाकांच्या जोड्या रबराच्या गाद्यांवर बसवल्या. अंग झुकवलं की स्केट आपोआप वळू लागलं, आणि एका ओळीतली चाकं शंभरेक वर्षं मागे पडली. ती परत आली ती हॉकीमुळे. १९८० च्या सुमारास मिनियापोलिसच्या स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या भावांना खेळाच्या सामानाच्या दुकानात एक जुनं इनलाइन स्केट सापडलं. मिनेसोटात बर्फ वितळला की हॉकीपटूंचा सराव थांबतो. या भावांनी हॉकीच्या बुटाखाली पॉलियुरेथेनची चाकं बसवून उन्हाळ्यातला सराव शक्य केला, आणि त्यातून रोलरब्लेड ही कंपनी उभी राहिली. एका ओळीची कल्पना तेव्हा दीडशे वर्षं जुनी होती. नवं होतं ते चाकाचं द्रव्य. धातूचं आणि मातीच्या मिश्रणाचं चाक फिरत होतं, पण जमिनीला धरत नव्हतं; पॉलियुरेथेन धरतं, झिजेला टिकतं, आणि मुख्य म्हणजे त्याचा कडकपणा बनवतानाच हवा तसा ठरवता येतो.

हा कडकपणा चाकावर ७४ए, ७६ए, ८२ए असा छापलेला असतो. आकडा वाढला की चाक कडक. हॉकीत साधारण ७२ ते ८४ एवढ्याच पट्ट्यात सगळा व्यवहार चालतो, आणि इथे एकाच चाकाला चांगलं किंवा वाईट ठरवता येत नाही. बंदिस्त रिंकवर एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या गुळगुळीत फरशा असतील तर ७४-७६ चं मऊ चाक लागतं. मऊ द्रव्य वजनाखाली दबतं, जमिनीशी जास्त भिडतं आणि वळणावर धरून राहतं. तेच चाक डांबरी मैदानावर नेलं तर उलटं घडतं. डांबराचा खरखरीतपणा स्वतःच पकड देतो. त्यात मऊपणाची भर पडली की चाक जमिनीत रुतल्यासारखं चालतं, आडवं केल्यावर सुटत नाही, आणि दाणेदार पृष्ठभागावर त्याचे लचके निघतात. तिथे ८० च्या पुढचं कडक चाकच बरं. गुळगुळीत सिमेंट यांच्या मधे कुठेतरी येतं. यात खेळाडूच्या वजनाचा हिशोब मिसळावा लागतो. ५० किलोची मुलगी आणि ९५ किलोचा गृहस्थ एकाच फरशीवर खेळत असतील, तर ७६ चं चाक तिच्या पायाखाली जेमतेम दबेल आणि त्याच्या पायाखाली एवढं दबेल की प्रत्येक ढकलीतली ताकद चाक चेपण्यातच खर्च होईल. ते दबणं-उसळणं सतत चाललं की चाक तापतं आणि पुढे मऊ थर गाभ्यापासून सुटूही शकतो. म्हणून भारी माणसाने दोन-चार आकडे कडक घ्यावं. एवढं करूनही धूळ उरतेच. फरशीवर मातीचा बारीक थर असेल तर सगळ्यात महागडं मऊ चाकही घसरतं, कारण ते धुळीला धरतं, जमिनीला नाही. चाकं ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटं लागतात, आणि घसरणाऱ्या चाकाला नवीन जोड हा उपाय सुचवण्याआधी ही दोन मिनिटं खर्च करून पाहावीत.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मऊ चाक हळू असतं, लवकर झिजतं आणि महाग पडतं. हौशी माणसाने कडक, टिकाऊ जोड घेऊन दोन-तीन वर्षं निर्धास्त का राहू नये? यातला पहिला भाग खरा आहे. मऊ चाक जास्त दबतं, म्हणून लोटायला जास्त ताकद लागते. पण हॉकी ही लांब पल्ल्याची शर्यत नव्हे. पाच-सहा ढकली, वळण, थांबा, पुन्हा सुरुवात, असा हा खेळ आहे. त्यात सरळ रेषेतला वेग जितका उपयोगी पडतो त्याहून पहिल्या ढकलीत पाय न सटकणं कितीतरी जास्त उपयोगी पडतं. टिकाऊपणाचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो, कारण खिशाला चाट खरी असते. मात्र चाक लवकर झिजण्याचं कारण पुष्कळदा मऊपणा नसून आळस असतो. वापरलेलं चाक हातात घेऊन समोरून पाहिलं तर त्याची गोलाई एका बाजूने कापल्यासारखी दिसते. चपलेच्या झिजलेल्या टाचेवरून चालणाऱ्याची ढब कळते, तशी चाकाच्या या तिरक्या कडेवरून ढकलण्याची ढब कळते. आपण पाय बाहेर ढकलतो, म्हणून आतली कड आधी जाते. काही आठवड्यांनी झिजलेली कड बाहेर येईल अशी चाकांची डाव्या-उजव्या पायांत अदलाबदल केली की तोच जोड कितीतरी जास्त चालतो. रिंकवरही खेळणार आणि रस्त्यावरही खेळणार असेल, तर एकच मधलं चाक घेऊन दोन्हीकडे तडजोड करण्यापेक्षा एक मऊ आणि एक कडक असे दोन साधे जोड ठेवणं स्वस्तात पडतं, कारण मऊ चाकाला खरा मार बसतो तो डांबरावरच.

चेसिसच्या बाबतीत आकड्यांचा मोह आणखी मोठा आहे. हॉकीच्या अनेक चेसिसवर पुढची दोन चाकं लहान आणि मागची दोन मोठी असतात. या रचनेला हाय-लो म्हणतात. तिचा फायदा साध्या बेरजेने कळतो. चारही चाकं ८० मिलिमीटरची आणि एकमेकांना चिकटून आहेत असं धरलं, तर पहिल्या आसापासून शेवटच्या आसापर्यंतचं अंतर २४० मिलिमीटर होतं. पुढची दोन ७६ ची केली की ते २३४ होतं, ७२ ची केली की २२८. लांबी कमी म्हणजे वळण चटकन, आणि मागच्या मोठ्या चाकांमुळे टाच थोडी उचलली जाऊन शरीर आपसूक पुढे झुकतं, जे हॉकीत हवंच असतं. रचना चांगली आहे यात शंका नाही. पण तिची किंमतही लक्षात घ्यावी: लहान चाकं मोठ्यांच्या जागी बसत नाहीत, म्हणून अदलाबदल पुढची पुढच्यांत आणि मागची मागच्यांतच करता येते, आणि लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेत असल्यामुळे आधी झिजतं. ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमचं चेसिस घेतलं तर काही ग्रॅम वाचतात. ते ग्रॅम रोज खेळणाऱ्याला जाणवत असतील. हौशी खेळाडूच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. चेसिस बुटाखाली नेमकं मधोमध बसवलेलं आहे का, आसांची भोकं सैल झाली आहेत का, रिवेट हलतात का, हे पाहणं. स्केट काचेच्या टेबलावर ठेवून खालून पाहिलं तर चारही चाकं टेकतात की नाही ते लगेच दिसतं. चेसिस जरासं आत किंवा बाहेर बसलं की पाय एका बाजूला कलंडतो, आणि मग माणूस वर्षानुवर्षं स्वतःच्या घोट्यांना दोष देत राहतो.

बर्फावर खेळून आलेल्यांचा एक आक्षेप मला मनापासून पटतो. बर्फाच्या स्केटचं पातं सपाट नसतं. सुमारे तीन मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तो तुकडा असतो, आणि एका वेळी त्याचा थोडासाच भाग बर्फाला टेकतो. सवय झालेल्या पायाला सपाट चार चाकं लाकडी वाटतात. यावर उत्तर म्हणून डोलणारी चेसिस निघाली. स्वीडनच्या पेर मार्स या हॉकीपटूच्या मार्सब्लेडमध्ये चेसिसचे दोन भाग असतात आणि वरचा खालच्यावर मागेपुढे डोलतो. हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात चाकं असं वर्ष विभागलेल्या खेळाडूने ती जरूर घ्यावी. ज्याने बर्फावर कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्याला मात्र ती उणीव नसतेच, आणि डोलणाऱ्या चेसिसवर तोल सांभाळायला शिकण्यात त्याचे सुरुवातीचे महिने जातील.

बेअरिंगवर मी सगळ्यात कमी शब्द खर्च करीन. त्यावरचा एबेकचा आकडा घडणीतला अचूकपणा सांगतो, वेग नव्हे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना ८० मिलिमीटरचं चाक मिनिटाला सुमारे १,३०० फेरे घेतं. स्केटमध्ये बसणारं साधं ६०८ मापाचं बेअरिंग मिनिटाला वीस हजारांच्या पुढे फिरायला बनवलेलं असतं. बोटाने चाक फिरवून ते किती वेळ फिरतं हे पाहण्यालाही फारसा अर्थ नाही, कारण तेव्हा त्याच्यावर माणसाचं वजन नसतं. दोन बेअरिंगांमधली बारीक नळी जागेवर आहे आणि आस गरजेपेक्षा जास्त आवळलेला नाही, एवढं बघितलं तरी पुरे.

महाराष्ट्रात चाकाच्या कडकपणाचा हिशोब थोडा बदलतो. आपल्याकडची बरीच मुलं सिमेंटच्या उघड्या रिंकवर शिकतात, आणि चाकांसोबत येणारे सल्ले मात्र अमेरिकेतल्या बंदिस्त रिंकवरच्या प्लास्टिकच्या फरशा धरून दिलेले असतात. ते जसेच्या तसे पाळून आणलेली मऊ चाकं इथल्या खरखरीत, धुळकट, एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या सिमेंटवर लवकर संपतात. मोठ्यांसाठी ७८ ते ८२ चा पट्टा इथे जास्त शहाणपणाचा, आणि हलक्या मुलांसाठी त्याहून थोडा मऊ. पाय वाढणार म्हणून दोन मापं मोठा बूट घेण्याची आपली पद्धत मात्र सोडायला हवी. सैल बुटात टाच उचलली जाते, चाकाला दिलेला इशारा मधेच हरवतो, आणि मग पकड-घसरणीचा हा सगळा विचार मुलाच्या पायापर्यंत पोचतच नाही. मोठं होणाऱ्या मुलासाठी घट्ट बसणारा, वापरलेला पण चांगल्या अवस्थेतला बूट घ्यावा आणि वाचलेले पैसे चाकांवर घालावेत. चेसिस नवं नसलं तरी चालतं.