न नाचलेला मुखवटा

आमच्या घरातला मुखवटा कोणाच्याही चेहऱ्यावर बसत नाही. मागून तो पाटासारखा सपाट, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा, आणि वर मधोमध टांगायला कडी. कोरणाऱ्याच्या मनात पहिल्या घावापासून भिंतच होती. वडील टांझानियात दार-ए-सलामला नोकरीला असताना त्यांनी तो तिथल्या म्वेंगेच्या बाजारात माकोंडे जमातीच्या कारागिरांकडून घेतला. "अस्सल म्पिंगो आहे," असं ते येईल त्याला सांगत. म्पिंगो म्हणजे आपल्या शिसवाच्या कुळातलं काळं, पाण्यात टाकलं तर बुडणारं लाकूड. सनई-चौघडा आपला, पण युरोपातली क्लॅरिनेट ह्याच लाकडाची होते.

चिपळूणच्या घरी आजीने तो देवघरासमोर लावू दिला नाही. "असलं तोंड बाहेर बरं, दृष्ट तरी लागणार नाही," म्हणून तो दारावर गेला. एका पावसाळ्यात बुरशी पुसताना फडक्याला काळा रंग आला आणि खालून पिवळट, हलकं लाकूड दिसलं. बुटाचं पॉलिश! वडील हिरमुसले. आजी म्हणाली, "डोळे वटारतोय ना? मग झालं."

माकोंड्यांचा खरा नाचाचा मुखवटा, लिपिको, मी खूप पुढे वाचनातून आणि छायाचित्रांतून ओळखू लागलो, आणि गंमत अशी की तोही हलक्या लाकडाचाच असतो. म्पिंगो डोक्यावर घेऊन कोण नाचणार? लिपिको चेहऱ्यावर बांधत नाहीत. तो शिरस्त्राणासारखा डोक्यावर चढवून मागे कलता ठेवतात, आणि नाचणारा त्याच्या तोंडाच्या फटीतून बघतो. त्यावर माणसाचे खरे केस चिकटवलेले असतात, गालांवरच्या गोंदणाच्या रेषा मेणाने उठवलेल्या असतात, आणि चेहरा बाईचा असेल तर वरच्या ओठात चकती असते. अंग कापडाने पुरतं झाकलेलं. वयात येणाऱ्या मुलामुलींचे विधी पुरे झाले की हा नाच होतो. आत कोण आहे हे उघड करायचं नसतं. आलेला असतो तो पूर्वजांपैकी कोणीतरी. ढोल, कापड, घाम आणि घाबरलेली पोरं बाजूला काढली तर त्या लाकडात किती मुखवटा उरतो, हा प्रश्न मला कुठल्याही संग्रहालयात पडतो.

दार-ए-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयातून असा एक मुखवटा १९८४ मध्ये चोरीला गेला. पुढच्याच वर्षी तो जिनिव्हाच्या बार्बिए-म्यूलर संग्रहालयाने पॅरिसमध्ये विकत घेतला, आणि टांझानियाला तो परत मिळाला २०१० मध्ये. आमचा कोणी चोरणार नाही. संग्राहकांच्या लेखी तो खोटाच. त्यांना 'नाचलेला' मुखवटा हवा असतो, आतून घामाने काळवंडलेला. ह्या हौसेपोटी काही विक्रेते नवे मुखवटे धुरात धरून जुने करतात. मला खोटे ते वाटतात. आमचा निदान आपण विकाऊ आहोत हे कडीसकट सांगतो.

आणि विकाऊ असण्यात कमीपणा कसला? मोझांबिकच्या पठारावरून माकोंडे टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, आले ते बरेचसे घायपाताच्या मळ्यांवर मजुरीला. कोरणं हातात होतंच. १९५० च्या दशकात दार-ए-सलाममधल्या मोहम्मद पीरा ह्या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्याने त्यांचं काम घ्यायला सुरुवात केली, आणि सामाकी लिकान्कोआसारख्या कारागिराने घडवलेले वेडेवाकडे 'शेतानी' पुतळे जगभर गेले. गिऱ्हाईक नसतं तर ही कला जन्मलीच नसती. (शेतानी आपल्याकडच्या सैतानाचाच भाऊ. दोन्ही शब्दांचं मूळ अरबी.)

आजी गेल्यावर चिपळूणचं घर बंद झालं आणि मुखवटा पुण्याला माझ्या फ्लॅटमध्ये आला. इथे सजावट करणाऱ्या मुलाने त्याच्यावर पिवळा दिवा सोडायचं सुचवलं. मी नको म्हटलं. उजेड वरून पडला की पॉलिश गेलेलं कपाळ तेवढं चमकतं. आता तो मुलीच्या खोलीत आहे. तिने वायफायच्या वायरींचा गुंता त्याच्यामागे दडवलाय. दृष्टीपेक्षा हे काम त्याला चांगलं जमतं.