तुटक रेषेची किंमत

फर्स्ट इयरला तुम्हीही ‘जीटी’ मारलीय ना? मारलीच असणार! काचेवर मैत्रिणीची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट आणि खाली ट्यूबलाइट. अख्खं टर्मवर्क एका रात्रीत तय्यार! माझं टूडी ड्रॉइंगचं शिक्षण एवढंच. पुढे क्लास लावला तो थेट थ्रीडीचा. स्क्रीनवर पार्ट गोल गोल फिरवायला काय सॉल्लिड मजा यायची! त्यापुढे एन. डी. भटांच्या पुस्तकातल्या रेघा कोण गिरवत बसणार?

भोसरीतल्या पहिल्याच जॉबमध्ये, दुसऱ्याच महिन्यात माझी सगळी हवा निघाली.

काम तसं किरकोळ. फिक्श्चरसाठी एक आयताकृती ब्लॉक. समोरून डावीकडे एक आरपार होल आणि उजव्या टोकाला एक ब्लाइंड होल. मॉडेल वीस मिनिटांत झालं. ड्रॉइंग काय, सॉफ्टवेअरच काढून देतं. फ्रंट व्ह्यू आणि त्याच्या उजवीकडे साइड व्ह्यू. ‘क्लीन’ दिसावं म्हणून मी हिडन लाइन्स बंद केल्या आणि फाइल व्हेंडरला मेल केली. आठवड्यानं चोवीस ब्लॉक आले. चोवीसच्या चोवीस ब्लॉक्सचं ब्लाइंड होल डाव्या टोकाला!

मी तणतणत आमच्या ड्राफ्ट्समन काकांकडे गेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी प्रिंट पाहिली आणि म्हणाले, ‘‘अगं, त्यानं बरोबर केलंय. तूच चुकीचं सांगितलंस.’’

माझं टेम्प्लेट होतं अमेरिकन पद्धतीचं, म्हणजे थर्ड अँगल. त्यात फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे पार्टची उजवी बाजू येते. आपल्याकडे कॉलेजात शिकवतात फर्स्ट अँगल. त्यात उजवीकडे डावी बाजू येते. कोणती पद्धत वापरलीय, हे सांगणारं कापलेल्या शंकूचं चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये हवं. माझ्याकडे ती जागा रिकामी! बरं, हिडन लाइन्स ठेवल्या असत्या, तर फ्रंट व्ह्यूमध्ये उजव्या टोकाला तुटक रेषा दिसल्या असत्या. मशीनवरच्या पोरानं निदान एक फोन तरी केला असता.

साहेब फार बोलले नाहीत. फक्त माझं कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललं. घरी सांगताना मात्र रडू आलं.

मग दर शनिवारी काम संपल्यावर काकांची शिकवणी सुरू झाली. माऊसला हात लावायचा नाही. ते दोन व्ह्यू द्यायचे, तिसरा मी पेन्सिलीनं काढायचा. पहिले तीन आठवडे पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त झिजलं. पण एका शनिवारी गंमत झाली. कागदावरच्या सपाट रेघांतून ठोकळा डोळ्यांसमोर आपोआप उभा राहिला. फिरवायला सॉफ्टवेअर लागलंच नाही! थ्रीडीत कॉम्प्युटर माझ्यासाठी बघत होता, इथे मी स्वतः बघत होते.

नंतर वाचनात आलं, की या शास्त्राची बैठक अठराव्या शतकात गॅस्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञानं किल्ल्यांच्या आखणीसाठी घातली. कित्येक वर्षं ते लष्करी गुपित होतं. १७९५मध्ये त्यानं ते पॅरिसमध्ये उघडपणे शिकवलं. आणि मी? जे एकेकाळी दडवून ठेवलं होतं, ते समोर असूनही काचेवरून छापत होते!

कुणी म्हणेल, ड्रॉइंगचे दिवस संपले. खरंय, थेट मॉडेलवरच मापं देण्यासाठी २००३मध्ये अमेरिकन स्टँडर्डही आलं. पण आमच्या व्हेंडरच्या मशीनशेजारी आजही तेलकट झालेली प्रिंटच लटकलेली असते.

काका आता रिटायर झालेत. त्या चोवीसपैकी एक ब्लॉक माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून असतो. गेल्या महिन्यात नवा ट्रेनी आला. स्क्रीनवर पार्ट गरागरा फिरवत होता. मी तो ब्लॉक आणि एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, ‘‘तिन्ही व्ह्यू काढ. हातानं.’’

दहा मिनिटांनी त्यानं विचारलं, ‘‘मॅडम, खोडरबर आहे?’’

चला, सुरुवात तर झाली!